पेटीवर बसणारे पांडूतात्या

माझ्या कमरेच्या दुखण्याला डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक नाव दिलं आहे. मी त्याला पांडूतात्या म्हणतो.

महाडमध्ये आमची बेंजो पार्टी आहे. लग्न, हळद, गणपती, शिमगा, जिथे माणसं नाचणार तिथे आम्ही. मी बेंजो वाजवतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो, कारण पार्टी माझी. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोल, ताशा आणि बेस गिटारवर नाते गावचे पांडूतात्या उतेकर. गिटार वाजवणारा माणूस म्हटलं की डोळ्यांपुढे जे काही येतं त्यातलं तात्यांकडे काहीच नव्हतं. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळाला बुक्का, आणि पिशवीत पानाचा डबा. गावात त्यांची वडिलांपासूनची भाताची गिरणी. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून ते गिरणीवर उभे. लग्नसराईत गिरणी बंद आणि बेस चालू, असं त्यांचं वर्षाचं गणित.

माणूस तसा गरीब. चहा दिला तर चहा, नाही दिला तर नाही. अडचण होती ती त्यांच्या स्पीकरची. मी त्याला खोका म्हणायचो. तात्या दर वेळी शांतपणे दुरुस्ती करायचे, "पेटी म्हणा, नाना." आता ज्या वस्तूची उंची माझ्या छातीला लागते, जिच्यात परातीएवढे दोन स्पीकर आहेत, जिचं लाकूड दरवाजाला लावतात त्याहून जाड आहे आणि जी उचलायला चार माणसं लागतात, तिला पेटी म्हणायचं तरी कसं? खोका त्यांनी सुताराकडून समोर उभं राहून करून घेतला होता. आतून बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या गोधड्या ठोकून घेतल्या होत्या. उघड्या लाकडावर आवाज आपटला की फुटतो आणि गोधडीत शिरला की मऊ होऊन बाहेर येतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही खोका उचलताना कण्हायला लागलो की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "बेस कानाला कळला तर तो बेस नाय. पोटाला कळला पायजे." हे वाक्य ऐकून ऐकून माझ्या पोटात गोळा यायचा.

आणि वाईट हे की त्यांचं खरं होतं. खोटं कशाला बोलू? बिरवाडीच्या एका हळदीत मांडवाच्या टोकाला म्हातारी माणसं पाठ करून बसली होती. त्यांना आमच्या बेंजोचं सोयरसुतक नव्हतं. तात्यांनी बेस सुरू केला आणि थोड्या वेळात त्या सगळ्यांचे पाय हलायला लागले. आपले पाय हलतायत हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पाण्याच्या पिंपावरचा पेला थरथरत थरथरत कडेला आला. असा आवाज आमच्या पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या पार्टीकडे नव्हता. लोक आम्हाला त्या आवाजासाठी बोलवायचे आणि माझ्या बेंजोचं कौतुक करायचे.

तात्यांच्या काही तऱ्हा होत्या. खोका नेहमी ढोलाला लागून ठेवायचा, त्यात हातभर अंतर पडलेलं चालायचं नाही. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, इतकं की नवीन माणूस ओठाला काही लागलंय का म्हणून पुसायचा. फोन कधी स्वतः उचलला नाही. फोन केला की काकू घ्यायच्या, निरोप ऐकायच्या आणि "सांगते" म्हणायच्या. आणि सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे वाजवताना खोक्यावर चढून बसायचे. आम्ही सगळे उभे, घामाघूम, आणि हे वर डोळे मिटून, टाचा लाकडाला टेकवून, सरपंचासारखे. मधूनच एक डोळा उघडून माझी बोटं बघायचे आणि पुन्हा मिटायचे. वाजवताना हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. आमचा टेम्पोवाला सलीम काकरतळ्याचा. त्याने यावर उपाय काढला होता. तात्यांना काही सांगायचं असलं की तो जाऊन खोक्यावर टकटक करायचा. मग तात्या डोळे उघडून "काय रे?" म्हणायचे. दारावरची कडी वाजवल्याशिवाय साहेब भेटत नाहीत, असं सलीम म्हणायचा. मला मात्र ही मिजास वाटायची.

गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत एका भाकरी-पिठल्याच्या स्टॉलवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडव घराच्या मागे आणि तिथे जायला दोन स्टॉलांमधली चिंचोळी वाट. खोका मध्ये अडकला. पुढे जाईना, मागे येईना. पलीकडे नवरदेव ताटकळत उभा आणि अलीकडे रोपवेला आलेले पाहुणे आमचे फोटो काढतायत. सलीम म्हणाला, याला रोपवेनेच वर पाठवू, गडावर ठेवून देऊ, कुणाला त्रास नाही. सगळे हसले. तात्याही हसले, पण आमचं हसू बघून, अंमळ उशिरा. शेवटी स्टॉलवाल्याने एका बाजूचे पत्रे काढले. लग्नघरच्या माणसाला स्वतःच्या दुकानाचे पत्रे काढायला लावले आम्ही! मी त्या दिवशी तात्यांशी बोललो नाही.

पुराचं तर विचारूच नका. महाडच्या माणसाला सावित्रीचं पाणी नवीन नाही. पाणी बाजारपेठेत शिरायला लागलं की काय आधी वर न्यायचं हे आमच्या घरात लहान पोरालाही पाठ असतं. माझं दुकान घरातच, आणि खोका त्याच्या मागच्या खोलीत असायचा. पाणी चढतंय म्हटल्यावर मी फ्रिजला हात घालतोय तोच तात्या दारात. नात्याहून, रस्ता बंद व्हायच्या आत, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले होते, चिंब भिजलेले. आल्या आल्या खोक्याचं एक टोक धरून उभे राहिले. आता दारात आलेल्या भिजलेल्या माणसाला काय बोलणार? मी, माझा भाऊ आणि शेजारचे दोघे, आम्ही खोका जिन्याने माडीवर नेला. खाली येईपर्यंत फ्रिज तरंगत होता. बायकोने पुढचे कित्येक दिवस मला ताक दिलं नाही. खोका मात्र कोरडाठाक.

त्यानंतर मी ठरवलं की पुरे झालं. पुण्याहून नवीन तऱ्हेचा बेसचा स्पीकर आणला. एवढासा. चुंबक हलकं, अंग प्लॅस्टिकचं, वर मूठ. एका हाताने उचलून दुसऱ्या हातात चहाचा कप धरता येईल. मला इतका आनंद झाला की दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तो उचलून दाखवला. आवाज ऐकला. ठीक होता. म्हणजे कानाला कळत होता.

पहिला प्रयोग पोलादपूरच्या एका हळदीत केला. तात्यांनी त्या स्पीकरभोवती एक फेरी मारली, सवयीने त्याच्यावर बसायला गेले, तर झाकण करकरलं आणि मांडवातल्या बायका फिदीफिदी हसल्या. तात्या उठून उभे राहिले. आणि उभ्याने जे काही वाजवलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. ताल मागे पडतोय. आम्ही गाणं बदललं तरी ह्यांचं जुनंच चालू. ढोलवाला वैतागून त्यांच्याकडे बघतोय आणि हे माझ्या बोटांकडे बघतायत, कपाळाला घाम. मला वाटलं, माणूस मुद्दाम करतोय. नव्या स्पीकरचा सूड काढतोय. परतीच्या वाटेवर टेम्पोत मी तोंडाला येईल ते बोललो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मला तसं वाटलं, आणि एवढंच म्हणाले, "डबा हाय तो, नाना."

मी सांगितलं, एक तर हा डबा नाहीतर दुसरी पार्टी बघा. खोका आता कुठेही येणार नाही. तात्या म्हणाले, शिमग्याला वरच्या वाडीत तेवढा एकदा खोका येऊ दे, त्याच्यापुढे तुम्ही म्हणाल तसं.

वरची वाडी म्हणजे पोलादपूरच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. गाडीरस्ता खालच्या वाडीपर्यंत, पुढे चढण. तिथल्या देवीच्या पालखीला आम्ही वर्षानुवर्षं वाजवत आलो. तिथली एक रीत आहे. देवीच्या कामाला जे सामान येईल ते वाडीची माणसं स्वतः वर नेतात, अनवाणी, आणि पाहुण्याने हात लावायचा नाही. माझ्यासारख्या कंबर गेलेल्या माणसाला ह्यापेक्षा चांगली रीत कुठली? त्या वर्षीही चौघे खाली आले, खोक्याला दोन बांबू बांधले आणि खांद्यावर घेतला. धूळ बसू नये म्हणून तात्यांनी वरून लाल चादर पांघरली आणि कडा खोचल्या. ढोलवाल्याला चैन पडेना, त्याने चालता चालता ढोल सुरू केला.

झालं. त्या दिवशी देवीची पालखी खालच्या वाडीत गेली होती आणि त्याच वाटेने परत येणार होती. वाडीच्या पहिल्याच घरातल्या सगुणाकाकी आरती घेऊन केव्हाच्या उभ्या. त्यांनी बघितलं, ढोल वाजतोय, चौघे अनवाणी चढतायत, खांद्यावर बांबू, वर लाल कापड. त्या तांब्या घेऊन पुढे आल्या, चौघांच्या पायांवर पाणी घातलं, खोक्याला हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि पुढे नारळ ठेवून नमस्कार केला. चौघांतला एकही बोलला नाही. आरती चालू झाल्यावर मध्ये थांबवायची कशी? बोलायचं तर आम्ही बोलायला हवं होतं, पण आम्ही मागे हसू दाबत उभे. मग वाऱ्याने चादर सरकली आणि काकींना देवीच्या जागी दोन काळे स्पीकर दिसले. सगळी वाडी हसली. काकींनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याही हसल्या.

हसणं तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पालखीचे मानकरी म्हणाले, चुकून का होईना, देवीच्या नावाने कुंकू लागलं. आता खोका सहाणेवर ठेवायचा, जिथे पालखी बसते त्या ओट्यावर, आणि त्याला पाय लावायचा नाही. बसायचं तर नावच नको. मी हसत हसत तात्यांना म्हटलं, चला, आज देवीनेच तुम्हाला उभं केलं. तात्यांचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला नाही.

पालखी आली. खांदेकऱ्यांनी नाचवायला घेतली आणि आम्ही सुरू केलं. तात्या खोक्याच्या शेजारी उभे. आणि पोलादपूरच्या हळदीत झालं तेच झालं. खोका तोच, आवाज तोच, पोटात घुसणारा, पण चुकीच्या जागी घुसणारा. खांदेकऱ्याचा पाय बेसवर पडतो. बेस चुकला की पाय चुकतो, आणि त्याच्या खांद्यावर देवी असते. पालखी एका बाजूला कलली, कुणीतरी सावरली, आणि मानकऱ्यांनी हात वर केला. बाजा थांबला. मानकऱ्यांनी विचारलं, बाजाला काय झालं?

माझं डोकं फिरलं. सगळ्या वाडीसमोर मी तात्यांवर ओरडलो. खोका पाहिजे म्हणालात, खोका आणला. आता तरी काय दुखतंय? तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं बोलून संपलं तसे त्यांनी गिटारवरचा हात काढला.

"नाना, बसल्याबिगर मला आयकू येत नाय," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. मग तात्याच हळूहळू बोलले, खाली बघून. गिरणीने कान नेले. कधीच नेले. आता कानात नुसती गिरणी चालू असते, भात नसलं तरी. पण ढोल वाजला की पेटीचं लाकूड हलतं, ते मांडीला कळतं. तार छेडली की ती हाडाला कळते. गाणं कुठलं ते नानांच्या बोटांवरून कळतं. "लाकूड पातळ झालं की माझी वाट बंद," ते म्हणाले. एवढं लांबलचक ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मला त्या क्षणी दया आली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मला संताप आला. एवढी वर्षं खोका ढोलाला चिकटवून ठेवायचा हट्ट, ते तोंडाकडे बघणं, तो न उचललेला फोन, सलीमची टकटक, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि ह्या माणसाने एका शब्दाने सांगितलं नाही! माझी कंबर, माझा फ्रिज, त्या स्टॉलवाल्याचे पत्रे, सगळं एका वाक्याने सुटलं असतं.

मानकरी डोकं खाजवत उभे होते. कुंकू लागलेल्या वस्तूवर माणूस कसा बसवायचा? पालखी खांद्यावर तशीच, खांदेकरी घामाने निथळलेले. तेवढ्यात सगुणाकाकी पुढे आल्या. मानकऱ्यांना त्यांनी विचारलं, देवीला बाजा हवा का नको? उत्तराची वाट न बघता काकींनी पदराचं टोक ओलं केलं आणि खोक्यावरचं हळदकुंकू पुसून काढलं, चांगलं घासून.

"मी लावलं, मीच पुसलं. आता नुसतं लाकूड हाय. बसा तात्या."

तात्यांचं लक्ष नव्हतं, ते खालीच बघत होते. काकींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि खोक्यावर तळहाताने दोनदा थापटलं. तात्यांनी खोक्याला हात टेकलेलाच होता. त्यांनी मान वर केली, काकींना नमस्कार केला आणि चढून बसले. डोळे मिटले. पुढचं काय सांगू? त्या दुपारी पालखी अशी नाचली की मानकरी स्वतः खांदा द्यायला घुसले. माझ्या बेंजोकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

उतरताना मी तात्यांच्या पुढे जाऊन उलटा चालत होतो, त्यांना माझं तोंड दिसावं म्हणून. दोनदा ठेचकाळलो. सांगितलं का नाही, हे मला ऐकायचंच होतं. तात्या म्हणाले, "बहिऱ्याला बाजात कोण ठेवतो, नाना?" मी वळलो आणि सरळ चालायला लागलो.

खोका त्या दिवशी खाली आलाच नाही. तात्याच म्हणाले की राहू दे वरच. सहाणेच्या मागे देवीच्या सामानाची खोली आहे, तिथे कोरडा राहील, आणि खाली किती जणांच्या कमरेवर बसवायचा? मी खूप समजावलं. त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंवरही चिडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, तुमाला ठाव हाय." तात्यांना मी मुंबईला नेऊन कानात घालायचं मशीनही घेतलं. ते त्यांनी चार दिवस घातलं. त्यात ताटवाट्यांचा आवाज येतो, म्हणाले, बेस येत नाही, आणि डबीत बंद करून पानाच्या डब्याशेजारी ठेवलं. लग्नाच्या सुपाऱ्यांना यायचं त्यांनी बंद केलं. त्यांच्या जागी आता एक शिकलेला माणूस येतो. चांगला वाजवतो, ताल सोडत नाही. एका हातात तो हलका स्पीकर आणि दुसऱ्या हातात गिटार घेऊन एकटा टेम्पोतून उतरतो. माझ्या कमरेला आराम आहे.

आणि कुणाची तक्रार नाही, ह्याचाच मला जास्त त्रास होतो. एकाही लग्नात एकाही माणसाने विचारलं नाही की तो आवाज कुठे गेला. मांडवाच्या टोकाला म्हातारी माणसं पाठ करून बसलेली असतात, आणि तशीच बसून राहतात. मीच बेंजो वाजवता वाजवता त्यांच्या पायांकडे बघतो.

शिमग्याला मात्र वरच्या वाडीत बेस तात्यांचाच. यंदाही सलीमने त्यांना नात्याहून आणलं. गाडीरस्ता संपतो तिथे वाडीची माणसं सामान न्यायला आली होती. सगळं दिलं, पण गिटार तात्यांनी दिली नाही. गोणपाटाच्या पिशवीतली गिटार पाठीला लावली, लेंगा वर खोचला आणि आमच्यासाठी न थांबता चढायला लागले. खोका न्यायचा नव्हता, काळजी कशाची? ह्या वयात असे झपझप चढत होते की मला हेवा वाटला.

टेम्पोत बघतो तर पुढच्या सीटवर पानाचा डबा नव्हता, तो बरोबर घेतला होता. गिटारची वायर तेवढी तिथेच. ती नसेल तर गिटार काय, नुसती फळी. मी हाका मारायला लागलो. तात्या, वायर! अहो, वायर राहिली! समोरच्या डोंगरावर गुरं चारणारा बाप्या वळून बघायला लागला. तात्या वळणावरच्या आंब्याखालून गेले आणि दिसेनासे झाले.

सलीम स्टिअरिंगवर हात ठेवून हसत होता.

"नाना, खोका वर हाय," तो म्हणाला. "टकटक करायची तर तिथं जायला लागेल."

मी त्यालाही एक शिवी दिली, वायर गळ्यात अडकवली, कमरेवर हात ठेवला आणि चढायला लागलो.